हाताने चालते, क्रॉनमध्ये पडते: स्क्रिप्टमधल्या डेटाबेस पासवर्डचं जुनं दुखणं

तीच स्क्रिप्ट, तोच सर्व्हर, तोच पासवर्ड. टर्मिनलवर बसून चालवली तर निमूट चालते आणि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी लिनक्सची सोय) उठवली की लॉगिनपाशीच पडते. हे दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकतानाच अर्धं निदान झालेलं असतं. पासवर्ड चुकलेला नसतो, तो डेटाबेसपर्यंत पोचलेलाच नसतो. नाहीतर वाटेत त्याचं एखादं अक्षर गळलेलं असतं. लोक मात्र पासवर्डच बदलत बसतात, आणि वैतागले की तो सरळ कमांडमध्ये लिहून मोकळे होतात. त्या रात्रीपुरतं भागतं. पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की तेच गाणं पुन्हा सुरू.

खालची उदाहरणं लिनक्सवरच्या पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची आहेत, कारण माझा संबंध जास्त त्यांच्याशीच येतो. बाकी डेटाबेसमध्ये फाइलींची नावं वेगळी असतील, खोड्या त्याच असतात.

लक्षणं

• हाताने चालवल्यावर चालते. क्रॉन, सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) किंवा सुडोमधून (दुसऱ्या युजरच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवायची सोय) चालवली की लॉगिन नाकारलं जातं.

• स्क्रिप्ट काहीच न बोलता अडकून राहते. आत डोकावलं तर ती कुणीतरी पासवर्ड टाईप करेल म्हणून वाट बघत बसलेली असते.

• मायएसक्यूएलच्या बाबतीत रोज सकाळी मेल येते, की कमांड लाइनवर पासवर्ड देणं असुरक्षित ठरू शकतं. स्क्रिप्ट मात्र चाललेली असते.

• पासवर्ड बदलल्यावर दहा ठिकाणी व्यवस्थित चालतं, अकराव्या ठिकाणी नाही.

• बॅकअपची फाइल रोज तयार होते, तारीख बरोबर असते, पण आकार २० बाइट.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात घातक. डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) काढून तो पाइपने, म्हणजे एका कमांडचा निकाल थेट दुसरीला देऊन, जीझिप या फाइल आकसणाऱ्या कमांडकडे दिला असेल, तर लॉगिन फसल्यावर जीझिपला रिकामा प्रवाह मिळतो. तो इमानेइतबारे त्या रिकाम्याचीही फाइल बनवतो, ती भरते २० बाइट, आणि पाइपमधली शेवटची कमांड यशस्वी झाली म्हणून शेल शून्य परत करतो. म्हणजे सगळं ठीक! एका ठिकाणी मला बोलावलं ते डेटा परत आणायला. तिथे अशा २० बाइटच्या फाइलींची तारीखवार, नीट लावलेली रांग सापडली. तेव्हापासून बॅशच्या स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (मधली कुठलीही कमांड फसली तर अख्खा पाइप फसला असं धरणारा पर्याय) चालू आहे का, हे मी पासवर्डच्याही आधी बघतो. तुम्हीही आत्ता, हे वाचणं थांबवून, बॅकअपच्या फोल्डरमधले आकार एकदा बघून या.

तपासण्या सुरू करण्याआधी

पासवर्ड कमांडमध्ये लिहून बघण्याचा मोह आवरा, अगदी चाचणीपुरताही. लिनक्सवर कुठल्याही प्रोसेसची पूर्ण कमांड प्रॉक फोल्डरमध्ये उघडी असते आणि नेहमीच्या मांडणीत त्या मशीनवरचा कुठलाही युजर पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवून ती वाचू शकतो. मायएसक्यूएलचा क्लायंट (सर्व्हरशी जोडणी करणारा प्रोग्राम) सुरू झाल्यावर आपल्या पासवर्डावर फुल्या मारतो खरा, पण त्याआधीचा क्षणभर तो दिसतोच. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीतच पासवर्ड लिहिला असेल तर क्रॉन प्रत्येक वेळी ती अख्खी ओळ सिस्टिमच्या लॉगमध्ये नोंदवतो. हाताने टाईप केला तर तो शेलच्या हिस्टरीत जातो. एका चाचणीपायी तीन ठिकाणी सांडलेला पासवर्ड मग बदलावाच लागतो.

आता स्वस्तात स्वस्त तपासणीपासून.

१. एररचा संदेश शेवटपर्यंत वाचा

याला पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही, आणि तरी कुणी करत नाही. मायएसक्यूएलच्या १०४५ क्रमांकाच्या एररच्या शेवटी कंसात ‘युझिंग पासवर्ड’ असं लिहून पुढे ‘यस’ किंवा ‘नो’ असतं. ‘नो’ म्हणजे क्लायंटने पासवर्ड पाठवलाच नाही, त्याला तो सापडलाच नाही. अशा वेळी पासवर्ड बदलून काहीही होणार नाही. फाइल, तिची जागा आणि परवानग्या बघा. ‘यस’ म्हणजे काहीतरी पाठवलं गेलं पण ते पटलं नाही. मग पासवर्डमधली चिन्हं, जुना पासवर्ड किंवा चुकीचा होस्ट, या वाटेने जा.

पोस्टग्रेसमध्ये याच फरकासाठी दोन वेगळे संदेश आहेत: ‘नो पासवर्ड सप्लाइड’ आणि ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. दुसऱ्याच्या शेपटीला कधीकधी पासवर्ड अमुक फाइलमधून घेतला अशीही ओळ असते. ती दिसली तर अर्धा दिवस वाचला समजा. बऱ्याचदा ती फाइल तुमच्या मनातली नसतेच.

आता कुणीतरी स्क्रिप्टच्या शेवटी एरर डेव्ह-नलमध्ये (लिनक्सची कचरापेटी, आत गेलेलं गायब) ढकलून दिलेले असतील, तर हे संदेश दिसणारच नाहीत. ती सकाळची असुरक्षिततेची मेल बंद करायला लोक हेच करतात. सूचना गप्प होते आणि तिच्याबरोबर खरी एररही. ते आधी काढा.

पोस्टग्रेसच्या कमांडला स्मॉल डब्ल्यूचा पर्याय नेहमी द्या. त्याचा अर्थ, पासवर्ड विचारू नकोस, नसेल तर लगेच पड. अडकून राहणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा पडलेली स्क्रिप्ट कधीही बरी. कॅपिटल डब्ल्यूचा अर्थ बरोबर उलटा, हेही लक्षात असू द्या.

२. मायएसक्यूएलमधली ती एक स्पेस

स्मॉल ‘-पी’ आणि पासवर्ड यांच्यात स्पेस चालत नाही. स्पेस पडली की क्लायंट पासवर्ड विचारायला थांबतो आणि पुढे लिहिलेला शब्द डेटाबेसचं नाव समजतो. मग एरर येते की या नावाच्या डेटाबेसला परवानगी नाही किंवा असा डेटाबेसच नाही, आणि त्या ‘नावा’च्या जागी तुमचा पासवर्ड छापलेला असतो. लॉगमध्ये. कायमचा. कॅपिटल ‘-पी’ म्हणजे पोर्ट. तीही गफलत होते.

३. स्क्रिप्ट नक्की कोण चालवतंय?

क्रॉन तुमची लॉगिन शेल चालवत नाही. तुमच्या बॅशआरसी किंवा प्रोफाइल फाइलीत एक्स्पोर्ट केलेलं काहीही त्याला दिसत नाही; त्याला मिळतं होम, तोकडा पाथ आणि साधी एसएच शेल. सुडोही बहुतेक ठिकाणी एन्व्हायरन्मेंट (प्रोसेसला मिळणारी व्हेरिएबल्स) पुसूनच पुढे जातो. त्यामुळे पासवर्ड एन्व्हायरन्मेंटमध्ये ठेवून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणणाऱ्याकडे खरंच चालत असतं.

क्रॉनमध्ये पाच मिनिटांपुरती एक ओळ घाला: आयडी कमांडचा निकाल (कुठला युजर) आणि होम या व्हेरिएबलची किंमत (त्याचं घरचं फोल्डर) एका फाइलीत लिहायची. एवढ्यावरच अनेक केसेस मिटतात, कारण स्क्रिप्ट भलत्याच युजरच्या नावाने चाललेली असते आणि पासवर्डची फाइल तुमच्या घरात असते. अख्खी एन्व्हायरन्मेंट त्या फाइलीत ओतू नका. आत पासवर्ड असेल तर तोही ओतला जाईल. तुम्ही हसाल, पण मी स्वतः हे केलंय.

उपाय म्हणजे फाइलीचा पूर्ण पत्ता सांगणं. पोस्टग्रेसला पीजीपासफाइल या व्हेरिएबलमधून, मायएसक्यूएलला डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल या पर्यायातून. मायएसक्यूएलचा हा पर्याय कमांडच्या नावानंतर सगळ्यात पहिला यावा लागतो. मध्ये दुसरं काही आलं की तो ओळखीचाच नाही असं म्हणतो.

४. मालक आणि परवानग्या

पोस्टग्रेसची पासवर्ड ठेवायची पीजीपास फाइल मालकाशिवाय कुणालाही वाचता येत असेल, तर क्लायंट एक इशारा देऊन ती सरळ बाजूला ठेवतो. सीएचमॉड ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी परवानगी) केलं की प्रश्न मिटला. हा सोपा भाग.

अवघड भाग मालकाचा. फाइल सुडोने तयार केलेली असते, मालक रूट, परवानगी ६००, दिसायला अगदी आदर्श. पण स्क्रिप्ट चालते साध्या युजरने. त्याला ती वाचताच येत नाही, आणि यावेळी क्लायंट इशाराही देत नाही. फाइल नसल्यासारखाच वागतो. म्हणून परवानग्यांबरोबर मालकाचा रकानाही बघायचा.

मायएसक्यूएल याबाबत ढिला आहे. कुणीही लिहू शकेल अशी फाइल तो नाकारतो, पण कुणीही वाचू शकेल अशी फाइल खुशाल वापरतो. तो तक्रार करत नाही म्हणून सुरक्षित आहे असं धरू नका. तिथेही ६००च ठेवा.

५. पासवर्डमधली चिन्हं

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेलाय, आणि चूक दर वेळी वेगळ्या थरावर असते. पासवर्ड तुमच्या हातून डेटाबेसपर्यंत जाताना क्रॉनटॅब, शेल, ऑप्शन फाइल (मायएसक्यूएलच्या सेटिंग्जची) किंवा जोडणीचा पत्ता अशा एकेका दारातून जातो आणि प्रत्येक दारावरचा पहारेकरी वेगळं चिन्ह अडवतो.

क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे ओळ संपली. त्यामागे बॅकस्लॅश नसेल तर कमांड तिथेच तुटते आणि उरलेला भाग कमांडला इनपुट म्हणून जातो. टर्मिनलवर % निरुपद्रवी असल्यामुळे हाताने चालवल्यावर हे कधीच पकडलं जात नाही.

शेलमध्ये दुहेरी अवतरणात $ आला की पुढचा शब्द व्हेरिएबल समजला जातो, आणि तसं व्हेरिएबल नसेल तर तो भाग गायब. $$ तर त्याहून भारी: त्याजागी चालू प्रोसेसचा क्रमांक येतो, म्हणजे दर वेळी नवाच पासवर्ड जातो. उद्गारचिन्ह फक्त हाताने टाईप करताना त्रास देतं, स्क्रिप्टमध्ये नाही; म्हणून कधीकधी उलटं घडतं, स्क्रिप्ट चालते आणि माणूस अडतो. एकेरी अवतरण वापरा.

मायएसक्यूएलच्या ऑप्शन फाइलीत # ओळीच्या मध्ये आला तरी तिथून पुढे टिप्पणी सुरू होते. पासवर्ड अवतरणात घातला की हे टळतं. बॅकस्लॅश मात्र अवतरणातही आपला खेळ खेळतो, त्यामुळे तो दोनदा लिहावा लागतो. पीजीपासमध्ये होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड असे पाच भाग कोलनने वेगळे केलेले असतात. पासवर्डमध्येच कोलन किंवा बॅकस्लॅश असेल तर त्याच्या आधी एक बॅकस्लॅश द्यायचा. आणि पासवर्ड जोडणीच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलसारख्या ओळीत देत असाल, तर @, /, #, % आणि कोलन यांची टक्केवाली रूपं लिहावी लागतात.

न दिसणारी अक्षरं वेगळीच. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न असतो. शेलमध्ये फाइल वाचून व्हेरिएबलमध्ये घेतली की शेवटची नवी ओळ आपोआप गळते, पण कॅरेज रिटर्न चिकटून राहतो आणि पासवर्ड एका अक्षराने लांबतो. डोळ्यांना काही दिसत नाही. ‘कॅट’ला कॅपिटल ‘-ए’ देऊन फाइल बघा. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला तर चोर सापडला. चॅटमधून किंवा वर्डमधून पासवर्ड कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात, हेही याच जातीचं.

हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर माझा सरळसोट उपाय: स्क्रिप्टसाठीच्या खात्याचा पासवर्ड फक्त अक्षरं आणि अंक वापरून यंत्राकडून तयार करून घ्या, आणि ३२ अक्षरांचा ठेवा. तो कुणाला पाठ करायचा नाहीये. चिन्हं नसल्याने ताकद जी काही कमी होते ती लांबीने भरून निघते. चिन्ह असलंच पाहिजे असा नियम असेल तर अंडरस्कोअर घाला, तो कुठल्याच दारावर अडत नाही.

६. होस्टचं नाव अक्षरशः जुळतंय का?

पीजीपास फाइलीत ‘लोकलहोस्ट’ लिहिलंय आणि स्क्रिप्ट १२७.०.०.१ कडे जोडणी करतेय? मग ती ओळ लागू होत नाही. एकाच यंत्राची दोन नावं आहेत हे तुम्हाला माहीत असतं. क्लायंट फक्त अक्षरं जुळवतो. शिवाय वरून खाली वाचताना जी पहिली ओळ जुळेल तीच वापरली जाते, त्यामुळे सगळीकडे तारांकन असलेली ओळ वर राहिली तर खालच्या नेमक्या ओळींपर्यंत तो पोचतच नाही. तारांकनवाली ओळ सगळ्यात खाली.

मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि होस्ट यांची जोडी. त्याच नावाची दोन होस्टवरची दोन खाती ही दोन वेगळी खाती आहेत, पासवर्डही वेगळे असू शकतात. ‘पासवर्ड तर कालच बदलला’ म्हणणाऱ्याने बहुतेक जोडीतल्या एकाचाच बदललेला असतो.

७. पासवर्ड भलतीकडूनच तर येत नाही ना?

पोस्टग्रेसमध्ये पीजीपासवर्ड हे व्हेरिएबल असेल तर पीजीपास फाइलीला कुणी विचारत नाही. फाइलीत नवा पासवर्ड, कुठल्यातरी जुन्या सेवेच्या व्याख्येत जुना, जिंकतो जुना. मायएसक्यूएलमध्ये कॉन्फिग एडिटरने बनवलेली मायलॉगिन फाइल बाकीच्या ऑप्शन फाइलींनंतर वाचली जाते, म्हणून तिच्यातली किंमत त्यांच्यावर चढते. ही फाइल नुसती गुंडाळलेली असते, खऱ्या अर्थाने कूटबद्ध नाही. मागून कुणी वाचू नये एवढंच तिचं काम. मारियाडीबीचा (मायएसक्यूएलमधून फुटलेल्या डेटाबेसचा) क्लायंट ती वाचतच नाही, त्यामुळे मायएसक्यूएलवरून मारियाडीबीवर गेलेल्यांची स्क्रिप्ट एका रात्रीत मुकी होते.

८. मुदत

ठराविक काळाने, अगदी घड्याळ लावल्यासारखी पडत असेल तर पासवर्डची मुदत बघा. मायएसक्यूएल ५.७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ती मूळातच ३६० दिवसांची होती, ५.७.११ पासून ती काढली. ओरॅकलच्या मूळ प्रोफाइलमध्ये, आवृत्ती ११ पासून, १८० दिवस. पोस्टग्रेसमध्ये कुणी ‘व्हॅलिड अंटिल’ लावली असेल तरच.

ओरॅकलमध्ये आणखी एक: मूळ प्रोफाइलमध्ये सलग १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातंच कुलूपबंद होतं. ‘फसलं तर पुन्हा प्रयत्न कर’ असा लूप लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या पासवर्डने मिनिटभरात ते करून दाखवते आणि त्याच खात्यावर चालणारं बाकी सगळंही बंद पाडते. लॉगिन नाकारलं गेलं तर पुन्हा प्रयत्न नको. पुन्हा प्रयत्न फक्त जोडणी तुटली तर.

पासवर्ड बदलताना मधल्या काळात पडझड होऊ नये म्हणून मायएसक्यूएल ८.०.१४ पासून जुना आणि नवा दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. सगळ्या जागी नवा पोचला की जुना रद्द. पोस्टग्रेसमध्ये मी यासाठी दोन खाती ठेवतो आणि आलटून पालटून वापरतो.

९. सर्व्हरचा लॉग

क्लायंटला सर्व्हर मुद्दाम त्रोटक उत्तर देतो, चोराला माहिती मिळू नये म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. युजर अस्तित्वातच नसला तरी पोस्टग्रेस बाहेर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ एवढंच म्हणतो. लॉगमध्ये मात्र असा रोल (म्हणजे युजर) नाही असं स्वच्छ लिहितो आणि पीजी-एचबीए फाइलीतली (कुणाला कुठून कशा पद्धतीने आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या) कुठली ओळ लागू झाली तेही सांगतो. त्या फाइलीतही पहिली जुळणारी ओळच चालते. ती फसली तर पुढच्या ओळीला संधी मिळत नाही.

हा लॉग वाचता येत असेल तर एक गोष्ट विचारून बघा: स्क्रिप्ट आणि डेटाबेस एकाच मशीनवर आहेत का? असतील तर पासवर्डची गरजच काय? पोस्टग्रेसची ‘पीअर’ पद्धत आणि मायएसक्यूएलचं सॉकेटवालं प्लगइन ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारतात की हा कोण. पासवर्ड नाही, फाइल नाही, मुदत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी मी आता जमेल तिथे हेच करतो.

इथे थांबा

पीजी-एचबीएमध्ये ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता आत घे) लिहिण्याची किंवा मायएसक्यूएल ग्रँट टेबलं (परवानग्यांची नोंद) वगळून सुरू करण्याची वेळ आलीय असं वाटलं, तर हात मागे घ्या आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा. दोन्हींचा अर्थ दार काढून ठेवणं असा आहे, आणि ‘तात्पुरतं’ काढलेली दारं मी वर्षानंतरही तशीच पाहिली आहेत.

जुन्या क्लायंटला सर्व्हरची पासवर्ड तपासण्याची पद्धतच कळत नाही असा संदेश येत असेल (पोस्टग्रेसमध्ये स्क्रॅम, मायएसक्यूएल ८ मध्ये कॅशिंग-शा-टू), तर तो पासवर्डचा विषय नाही, ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा आहे. चालू सर्व्हरवर पद्धत खाली आणून बघू नका. ज्याच्या हातात त्या अॅप्लिकेशनची आवृत्ती आहे त्याला गाठा.

पासवर्ड गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या व्यवस्थेत) गेलेला सापडला तर फाइल पुसून नवी कमिट करणं पुरेसं नाही, इतिहासात तो राहतोच. आधी पासवर्ड बदला, मग सुरक्षा बघणाऱ्यांना कळवा. इतिहास साफ करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. सेट-एक्स (प्रत्येक कमांड छापून दाखवणारा शेलचा पर्याय) चालू राहिल्यामुळे तो लॉगमध्ये छापला गेला असेल, तर ते लॉग कुठे कुठे पाठवले जातात याची यादी त्यांना हवी असते. आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच खात्याने अनोळखी पत्त्यावरून यशस्वी लॉगिन दिसलं, तर त्या क्षणी दुरुस्ती थांबवा. काही पुसू नका, मशीन रीस्टार्ट करू नका. त्यांना फोन करा, आणि लॉगच्या ओळी जशाच्या तशा, वेळेसकट, हाताशी ठेवा.